आधी हिशोब, मग इशारा : २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वक्त्याच्या नजरेतून

संविधान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत एक उतारा हमखास ऐकू येतो. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीने भरलेल्या आयुष्यात पाऊल ठेवणार आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल, हा तो उतारा. मुलं तो मनापासून पाठ करतात, हात उंचावून म्हणतात, आणि बरेचदा नेमकं तिथेच सभागृह थंड राहतं. आवाज चांगला होता, पाठांतर चोख होतं, शब्द तर साक्षात बाबासाहेबांचे होते. मग कमी काय पडलं?

कमी पडला तो आधीचा भाग. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात हा उतारा फार उशिरा येतो. त्याआधी त्यांनी सभागृहाला कामाच्या दिवसांचा हिशोब दिला आहे, टीकाकारांना उत्तरं दिली आहेत, सहकाऱ्यांचं ऋण नावानिशी मान्य केलं आहे. ऐकणाऱ्याच्या मनाला हात घालण्याचा हक्क त्यांनी अगोदर कमावला आणि मगच तो वापरला. नुसता शेवट उचलून म्हटला की वक्त्याकडे तो हक्कच नसतो.

हे भाषण म्हणजे वक्तृत्वाची पूर्ण शाळा आहे असं मला वाटतं. भाषण इंग्रजीत झालं होतं. इथे मी त्याचा भावार्थ माझ्या मराठीत देत आहे.

श्रोत्याला पटवण्याची तीन साधनं असतात, हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवलं. बोलणाऱ्या माणसाबद्दल वाटणारा विश्वास, म्हणजे एथॉस. ऐकणाऱ्याच्या मनात जागी होणारी भावना, म्हणजे पॅथॉस. आणि खुद्द मुद्द्यातली कारणमीमांसा, म्हणजे लोगॉस. वक्तृत्वाच्या वर्गांत हे तीन शब्द फळ्यावर लिहिले जातात आणि 'तिन्ही वापरा' असं सांगून पुढचा विषय सुरू होतो. त्यात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे क्रम. दुसरी खुद्द अ‍ॅरिस्टॉटलनेच बजावून सांगितलेली आहे : वक्त्यावरचा विश्वास त्या भाषणातून तयार झाला पाहिजे, त्याच्या आधीच्या नावलौकिकावर विसंबून चालत नाही. विश्वासाचे तीन घटकही त्याने सांगितले. विषयाची समज, सचोटी, आणि ऐकणाऱ्याबद्दल सदिच्छा. यांतला एक जरी उणा पडला तरी लोक ऐकतात, पण मानत नाहीत. जाणकार आहे पण आपल्या भल्याचा विचार करत नाही असं वाटलं, की उत्तम युक्तिवादसुद्धा डावपेच वाटू लागतो.

क्रमाची गोष्ट आपल्याला नवी नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात नमन, मुख्य अभंग आणि निरूपण होतं. सिद्धान्त तिथे मांडून, पटवून होतो. उत्तररंगात आख्यान येतं आणि डोळ्यांना पाणी येतं ते तिथे. निरूपण कच्चं राहिलं तर आख्यान नुसती करमणूक होते, हे कीर्तनकार जाणून असतात.

आकडे कसे बोलावेत

भाषणाची सुरुवात कोरडी वाटावी अशी आहे. ९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समिती पहिल्यांदा भरली, त्याला २ वर्षं, ११ महिने आणि १७ दिवस झाले. ११ अधिवेशनं झाली, त्यांत १६५ दिवस कामकाज चाललं, आणि त्यातले ११४ दिवस मसुद्यावरच्या चर्चेला गेले. घटनात्मक सल्लागारांच्या मूळ मसुद्यात २४३ कलमं होती. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने मांडलेल्या पहिल्या मसुद्यात ३१५ झाली. चर्चेअखेर ती ३८६ वर गेली आणि अंतिम रूपात ३९५ झाली. दुरुस्तीच्या सूचना सुमारे ७,६३५ आल्या, प्रत्यक्षात २,४७३ मांडल्या गेल्या.

एवढे आकडे एका दमात सांगणं साध्या सभेत धोक्याचं आहे. इथे ते का चाललं? कारण हा आरोपाचा जबाब होता. घटना समितीने फार वेळ घेतला, जनतेचा पैसा उधळला, अशी टीका बाहेर चालली होती. श्रोत्यांच्या मनात प्रश्न आधीच होता, म्हणून आकड्यांना बसायला जागा होती. प्रश्न नसताना आकडा सांगितला की तो एका कानाने आत जातो आणि दुसऱ्याने बाहेर. म्हणून आकड्याच्या आधी प्रश्न उच्चारा. 'एवढा खर्च कशाला, असं तुम्ही म्हणाल' हे वाक्य आधी, रक्कम नंतर.

दुसरं, ते एकटा आकडा क्वचित सोडतात. १६५ च्या शेजारी ११४ आहेत, २४३ च्या शेजारी ३१५. मग इतर देश शेजारी आणून बसवले आहेत. अमेरिकेच्या राज्यघटनेचं काम २५ मे १७८७ ला सुरू झालं आणि १७ सप्टेंबरला संपलं, म्हणजे चार महिन्यांच्या आत. दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष लागलं, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला हे ते सरळ कबूल करतात. त्यानंतर कामाचा आकार दाखवतात : अमेरिकेच्या घटनेत ७ कलमं, ऑस्ट्रेलियाच्या घटनेत १२८, दक्षिण आफ्रिकेच्या १५३, आणि आपली ३९५. शिवाय त्या देशांच्या घटनाकारांना दुरुस्त्यांच्या अशा ढिगाला तोंड द्यावं लागलं नव्हतं.

कबुली आधी आणि तुलना नंतर, हा क्रम उलटा केला असता तर तेच आकडे सारवासारव वाटले असते. आपल्या विरुद्ध जाणारा आकडा आपणच आधी सांगितला की बाकीच्या आकड्यांवरचा संशय गळून पडतो. इथे कारणमीमांसा आणि विश्वास एकाच वाक्यात काम करत आहेत. ती तीन साधनं वेगवेगळ्या डब्यांत ठेवून शिकवू नयेत, ते याचसाठी.

साध्या सभेसाठी माझा ठोकताळा असा : दहा मिनिटांच्या भाषणात तीन आकडे, त्यातला एकच लक्षात राहावा अशी रचना, आणि प्रत्येकाला जोडीदार. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. तपशिलाचा तक्ता छापून वाटायचा असेल तर भाषण झाल्यावर वाटा. आधी वाटलात तर सगळ्या माना खाली जातील आणि तुम्ही टकलं आणि भांग बघत बोलाल.

टीकाकाराचं वाक्य आपल्या तोंडी

आपल्या शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभं राहता येत नाही. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्याने मान डोलवावी, आणि मग खोडायचं. या भाषणात त्याचा सुंदर नमुना आहे. नझीरुद्दीन अहमद या सदस्यांनी मसुदा समितीला 'ड्राफ्टिंग' ऐवजी 'ड्रिफ्टिंग', म्हणजे वाहवत जाणारी समिती, असं नाव ठेवलं होतं. समिती आपल्याच दुरुस्त्या मागे घेऊन नव्या आणते, हा त्यामागचा आक्षेप.

आंबेडकर तो शब्द टाळत नाहीत. सभागृहात तो पुन्हा उच्चारतात. मग म्हणतात, ताबा सुटून वाहवणं वेगळं आणि ताबा ठेवून शोध घेणं वेगळं. मासा लागला तर लागला म्हणून आम्ही गळ टाकून बसलो नव्हतो, ओळखीच्या पाण्यात हवा तो मासा शोधत होतो. सदोष वाटलेली दुरुस्ती मागे घेण्याचा प्रामाणिकपणा आणि धैर्य दाखवलं नसतं, तर तीच कर्तव्यात कसूर झाली असती. म्हणून मी याला प्रशंसा समजतो.

यात तीन पायऱ्या आहेत. आरोपातली वस्तुस्थिती मान्य केली : होय, आम्ही दुरुस्त्या बदलल्या. मग त्या वस्तुस्थितीचा अर्थ बदलला. आणि अर्थ बदलताना कुणालाही समजेल असं एक चित्र दिलं. बहुतेक वक्ते पहिली पायरी गाळतात आणि थेट 'हे साफ खोटं आहे' म्हणतात. ज्यांनी ती गोष्ट डोळ्यांनी बघितलेली असते ते तिथेच तुटतात.

टीकाकाराचं म्हणणं मुद्दाम लुळं करून मांडणं ही आणखी मोठी चूक. सभेत त्या मताची दहा माणसं बसलेली असतात. आपलं म्हणणं विकृत केलं गेलं हे त्यांना तत्क्षणी कळतं, आणि शेजारच्याला सांगायला ती मोकळी असतात.

खरी नम्रता आणि बोलायची नम्रता

'मी काही मोठा वक्ता नाही', 'माझ्यासारख्या सामान्य माणसाला इथे बोलावलं', 'वेळेअभावी नीट तयारी करता आली नाही'. आपल्याकडची अर्धीअधिक भाषणं अशी सुरू होतात. या वाक्यांनी विश्वास वाढत नाही, कमी होतो. पहिली दोन रीतीची म्हणून कानाआड होतात. तिसरं तर श्रोत्यांचा अपमान आहे : तुमच्यासाठी तयारी करावीशी वाटली नाही, असाच त्याचा अर्थ निघतो.

आता या भाषणातली नम्रता पाहा. अनुसूचित जातींच्या हितरक्षणापलीकडे कुठलीही मोठी आकांक्षा न धरता मी घटना समितीत आलो, असं ते सांगतात. मसुदा समितीवर निवड झाली याचं आश्चर्य वाटलं, आणि समितीने अध्यक्ष केलं तेव्हा तर फारच. माझ्यापेक्षा थोर आणि अधिक सक्षम माणसं समितीत होती, असं म्हणून ते अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचं नाव घेतात. आपल्याला दिलं जाणारं श्रेय खरं तर माझं एकट्याचं नाही, असं म्हणत घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांचा वाटा सांगतात. आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा तर आणखी मोठा, कारण अतिशय गुंतागुंतीची गोष्ट सोप्या आणि नेमक्या कायदेशीर शब्दांत बसवण्याचं कसब त्यांच्याकडे होतं.

फरक लक्षात आला? इथे नावं आहेत, आणि कामं आहेत. कुणी काय केलं ते सांगितलं आहे. 'सर्वांच्या सहकार्याने' असं मोघम वाक्य कुणाच्याच पदरात काही टाकत नाही. 'मुखर्जींनी किचकट कलम सोपं लिहिलं' हे वाक्य मुखर्जींच्या पदरात पडतं, आणि असं नेमकं श्रेय देणारा माणूस हिशोबाचा चोख असणार, ही खात्री श्रोत्यांच्या मनात आपोआप होते.

पुढे तर ते विरोधकांचे आभार मानतात. सगळे सदस्य पक्षाच्या शिस्तीत मुकाट बसले असते तर कामकाज नीरस झालं असतं, बंडखोरांनी ते जिवंत ठेवलं, असं म्हणून कामथ, आपल्या विदर्भाचे पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शाह आणि हृदयनाथ कुंझरू यांची नावं घेतात. त्यांच्या सूचना मी स्वीकारू शकलो नाही, पण त्यामुळे त्यांचं मोल कमी होत नाही, हेही सांगतात. अ‍ॅरिस्टॉटलचा तिसरा घटक, सदिच्छा, तो हा. ज्यांची मागणी नाकारली त्यांनाही उभं राहायला मानाची जागा ठेवली.

आणि स्वतःची थोरवी? ती सांगण्याचं काम दुसऱ्याने वर्षभर आधीच केलं होतं. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी याच सभागृहात सांगितलं की मसुदा समितीच्या सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात अडकले होते, एकदोघे दिल्लीपासून दूर होते, आणि अखेर मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं हे प्रमाणपत्र असताना स्वतःची बढाई मारण्याची गरजच उरली नाही.

तुमच्या कार्यक्रमात हे काम सूत्रसंचालकाचं असतं. त्याला पानभर बायोडेटा देऊ नका, तो वाचता वाचता सभा पेंगते. तीन ओळी लिहून द्या, आणि त्या आजच्या विषयापुरत्या असू द्या. पाण्यावर बोलायचं असेल तर पाण्यात केलेलं काम सांगा, मिळालेले पुरस्कार राहू द्या. व्यासपीठावरच्या मान्यवरांची यादीही वक्त्याने पुन्हा म्हणू नये. पहिल्या दीड मिनिटात लोक ठरवतात की या माणसाकडे लक्ष द्यायचं की मोबाइलकडे, आणि ते दीड मिनिट आपण नावं घेण्यात घालवतो. 'अध्यक्ष आणि मित्रहो' एवढं पुरतं.

सांधा

इथवर भाषणाची हिशोबाची बाजू संपते. मग एक छोटं वाक्य येतं : इथे मी थांबू शकलो असतो. पण देशाच्या भविष्याच्या विचाराने मन इतकं भरून आलं आहे की काही बोलल्यावाचून राहवत नाही.

एवढंच. पण संपूर्ण भाषण या वाक्यावर वळतं. औपचारिक काम संपलं, आता जे बोलतो ते मनातलं, हे त्यांनी उघड सांगितलं. श्रोते सावरून बसतात. युक्तिवादातून भावनेत जाताना असा उघडा सांधा लागतो. तो नसेल तर आकडे सांगता सांगता वक्त्याचा आवाज अचानक कापू लागतो आणि लोकांना ते नाटकी वाटतं.

भीती, आणि तिला वाट

२६ जानेवारी १९५० रोजी भारत स्वतंत्र देश असेल, असं ते म्हणाले तेव्हा सभागृहाने दाद दिली, तशी नोंद आहे. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ प्रश्न आला : या स्वातंत्र्याचं पुढे काय होईल? ते टिकेल की पुन्हा जाईल?

थोड्या वेळाने तीच तारीख पुन्हा येते. त्या दिवशी भारत लोकशाही देश असेल, त्या लोकशाहीचं काय होईल? आणि तिसऱ्यांदा तीच तारीख : त्या दिवशी आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करू. दोन महिन्यांवर आलेला, सगळ्यांनी मनात सजवून ठेवलेला दिवस. प्रत्येक वेळी तोच दिवस उचलून त्याच्यामागची सावली दाखवली आहे. पाठ केलेला उतारा फिका पडतो याचं हे आणखी एक कारण. तिसरा ठोका ऐकवायचा आणि पहिले दोन वगळायचे, तर तो ठोका वाटतच नाही.

भीती नुसती बोलून जागी होत नाही, पुरावा लागतो. त्यांनी इतिहास काढला. सिंधमध्ये राजा दाहीरच्या सेनापतींनी मुहम्मद बिन कासिमच्या हस्तकांकडून लाच घेतली. जयचंदाने मुहम्मद घोरीला बोलावलं. शिवाजी महाराज मुक्तीसाठी लढत होते तेव्हा इतर मराठे सरदार आणि राजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते. महाराजांचं नाव कसं आलं आहे ते नीट पाहा. आपल्या सभांमध्ये ते नाव जयघोषासाठी घेतलं जातं आणि वक्त्याला आयती टाळी मिळते. इथे ते साक्ष म्हणून आलं आहे, आणि ती साक्ष आपल्याला खाली बघायला लावणारी आहे. मोठं नाव घ्यायचं तर त्याच्याकडून काम करून घ्यावं.

यानंतर जे आहे ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. भीती घातल्यावर त्यांनी लोकांना तसंच सोडलं नाही. काय करायचं ते तीन कलमांत सांगितलं : घटनात्मक मार्ग सोडू नका, आपली स्वातंत्र्यं कुणा थोर माणसाच्या पायाशीही वाहू नका, आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या. घाबरलेल्या माणसाला वाट दाखवली नाही तर तो दोनच गोष्टी करतो. धोका खोटा आहे म्हणतो, किंवा आपल्या हातात काही नाही म्हणून उठून जातो. व्यसनमुक्तीची, प्रदूषणाची, रस्ते अपघातांची कितीतरी भाषणं यामुळे वाया जातात. भयानक छायाचित्रं पंधरा मिनिटं आणि उपाय शेवटच्या अर्ध्या मिनिटात. हे प्रमाण निदान निम्मं-निम्मं हवं, आणि उपाय 'जागरूक राहा' असा वाऱ्यावरचा असू नये. उद्या सकाळी करता येईल असा हवा.

पहिल्या कलमातली कसरत तर थक्क करणारी आहे. घटनात्मक मार्ग धरायचा म्हणजे कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह सोडायचे, असं ते म्हणाले. त्याच मार्गांनी तुरुंगात गेलेली कितीतरी माणसं समोर बसली होती. त्यांच्या तपश्चर्येला 'अराजकाचं व्याकरण' म्हणायचं आणि तरी त्यांना सोबत ठेवायचं, हे कसं साधलं? मधे एक वाक्य आहे : घटनात्मक मार्ग उपलब्धच नव्हते तेव्हा त्या मार्गांना पुष्कळ समर्थन होतं. भूतकाळाचा मान राखला, आणि परिस्थिती बदलली म्हणून मार्ग बदला, असं सांगितलं. जुनी सवय सोडायला सांगायची असेल तेव्हा हेच करावं. 'तुम्ही आजवर चुकत होता' म्हटलं की कान बंद होतात. 'तेव्हा ते बरोबर होतं' म्हटलं की उघडे राहतात, अर्थात ते खरं असेल तरच म्हणावं.

दुसऱ्या कलमातही तोच साचा आहे. थोर माणसांबद्दल कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेला मर्यादा आहेत. इथे त्यांनी इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल आणि आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचा आधार घेतला. आयरिश माणूसच का? माझ्या मते, स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या त्या सभागृहात आयर्लंडच्या लढ्याबद्दल आपुलकी होती, म्हणून. उसना आधार नेहमी श्रोत्यांच्या आदराचा घ्यावा. आपल्याला आवडणाऱ्या पण समोरच्यांनी कधी न ऐकलेल्या विचारवंताचं वचन फेकून उपयोग नसतो. ग्रामसभेत तुकोबांचा चरण जे काम करतो ते परदेशी प्राध्यापकाचं नाव करत नाही.

न बोललेलं वाक्य

जाती राष्ट्रविरोधी आहेत, असं ते पुढे म्हणतात. कारण त्या समाजजीवनात फूट पाडतात आणि जातीजातींत मत्सर, तिटकारा निर्माण करतात. या युक्तिवादात एक पायरी उच्चारलेली नाही : जे फूट पाडतं ते राष्ट्राच्या विरुद्ध असतं. ती सभागृहाने स्वतःच भरली. राष्ट्र हा तिथल्या बहुतेकांचा सर्वांत लाडका शब्द, आणि जात मात्र अनेकांना घरची खाजगी बाब वाटत होती. त्यांच्याच शब्दाने त्यांना प्रश्न विचारला.

श्रोत्याने मनात भरलेली पायरी त्याला स्वतःची वाटते, म्हणून तो ती सहसा खोडत नाही. पण त्यासाठी श्रोते आधी काय मानतात ते माहीत हवं. भाषण लिहिण्यापूर्वी कागदावर एक ओळ लिहून पाहा : 'या सभेतले सगळे हे मानतातच की…' ती पुरी करता आली नाही, तर अजून सभेची माहिती काढायची आहे. आयोजकाला फोन करून विचारा. कोण येणार, वयं काय, या विषयावर आधी काही भांडण झालंय का.

हे रोजच्या सभेत

समजा, हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी दुरुस्त करायला पैसे मागायचे आहेत. घरं ४०, खर्च ६ लाख, वेळ पाच मिनिटं. सभेत मराठी बोलताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे हाताशी ५०० ते ६०० शब्द आहेत.

बहुतेक सेक्रेटरी टाकी कोसळण्याच्या भीतीपासून सुरुवात करतात. पण सभासदांच्या मनात प्रश्न वेगळाच असतो : मागच्या वेळचे पैसे कुठे गेले? त्याचं उत्तर पहिल्या मिनिटात द्या. 'रंगकामाला साडेचार लाख ठरले होते, पाच लाख दहा हजार लागले. वरचे साठ हजार बाल्कनीच्या प्लास्टरला गेले. ते अंदाजात धरायचं राहिलं, ती कमिटीची चूक. या वेळी प्लास्टर आधीच धरलं आहे.' ही झाली कबुली. मग ज्याने काम केलं त्याचं नाव : तीन कोटेशनं कुणी आणली, टाकीवर चढून फोटो कुणी काढले.

मग आकडा, जोडीदारासह. ६ लाख म्हणजे घरटी १५ हजार, बारा हप्ते केले तर महिना १,२५०. शेजारी दुसरा : गळतीमुळे महिन्याला चार टँकर जादा येतात, टँकर अडीच हजार धरला तर दहा हजार, म्हणजे घरटी २५० आजही जातच आहेत, आणि पाच वर्षांत तेच सहा लाख होतात. इथे एक श्वास थांबा.

मग सांधा, आणि मग एकच चित्र. सकाळी सहाला उठून बादल्या भरून ठेवणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या आजी. पण त्या आजींना आधी विचारा. न विचारता कुणाची अडचण सभेत मांडली तर ती व्यक्ती अवघडते, आणि हे शेजाऱ्यांना दिसतं. चित्र एकच पुरे. तीन दिलीत तर लोकांना तुमचा हेतू दिसू लागतो.

शेवटी काय करायचं ते : ठराव वाचून दाखवा, पहिल्या हप्त्याची तारीख सांगा, हात वर करायला सांगा. 'विचार करून कळवा' म्हणालात तर कुणी कळवणार नाही.

आवाजाबद्दल थोडं. भावनेच्या वाक्याला आवाज चढवायची सवय शाळेपासून लागते. माइकसमोर ती नडते. तोंड आणि माइक यांच्यात चार बोटं ते वीतभर अंतर असतं, ओरडलं की शब्द फाटतात आणि कर्ण्यातून नुसती घरघर येते. सगळ्यात जड वाक्य हळू म्हणा, माइकच्या किंचित जवळ जाऊन. प्रश्न विचारलात तर दोन सेकंद थांबा. मनात 'एक विठ्ठल, दोन विठ्ठल' म्हटलं की दोन सेकंद होतात. उंच छताच्या हॉलमध्ये घुमतं, तिथे तीन विठ्ठल लागतात. न थांबता पुढे गेलात तर श्रोत्याला तो प्रश्न स्वतःला विचारून बघायला वेळच मिळत नाही.

सरावासाठी हे भाषण घ्या. घटना समितीच्या चर्चांचे खंड इंटरनेटवर मोफत मिळतात. तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन समासात खुणा करा, हिशोबाला एक, विश्वासाला दुसरी, भावनेला तिसरी. काही वाक्यांना दोन रंग लागतील, तिथे जास्त वेळ थांबा. मग उतारा मोठ्याने म्हणा, पण विसंगतीच्या वाक्यापासून सुरुवात करू नका. 'इथे मी थांबू शकलो असतो' पासून करा, आणि अगदी टोकापर्यंत जा. तिथे ते सांगतात की स्वातंत्र्याबरोबर ब्रिटिशांना दोष देण्याची सबब आपण गमावली आहे, यापुढे काही बिघडलं तर दोष आपलाच. वाईट ओळखायला उशीर करू नका आणि ते दूर करायला कचरू नका, देशाची सेवा करण्याचा हाच मार्ग आहे. आणि मग चारपाच शब्दांचं शेवटचं वाक्य : याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. त्यावर आवाज न चढवता थांबून बघा.